सिल्कन लॉमन: दहा आठवडे आणि त्याआधीची आठ वर्षं

कॅनडाची रोइंग (बोट वल्हवण्याच्या शर्यती) करणारी सिल्कन लॉमन, तिचं नाव निघालं की लोक डायरेक्ट १९९२ वर येतात. जर्मनीत बोट आदळली, पायाची पार वाट लागली, पाच ऑपरेशनं झाली आणि तरी दहा आठवड्यांत बाई ऑलिम्पिकला जाऊन ब्राँझ घेऊन आली, बास, संपली गोष्ट. 'जिद्द असावी तर अशी' टाइप फॉरवर्डला एवढं पुरतं. पण ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली ना, की तिच्यातली निम्मी मजा जाते, कारण जर्मनीत एस्सेनला जी बोट फुटली ती कुणा ऐऱ्यागैऱ्या खेळाडूची नव्हती, त्या घडीला सिंगल स्कल्समध्ये जगात एक नंबरला असलेल्या बाईची होती. आणि तिथवर यायला तिला एक ब्राँझ, एक सपशेल फसलेलं ऑलिम्पिक, आणि घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणं, एवढं सगळं करावं लागलं होतं. ती आधीची बाजू एकदा नीट लिहून काढावी म्हणून हे. आणि नंतरची पण, कारण नंतरही बरंच घडलं आणि ते सगळं काही गोड नाहीये.

आधी बोटीचं सांगतो, नाहीतर पुढचा अपघात डोक्यात बसणार नाही. रोइंगमध्ये दोन जाती. एकात प्रत्येकाच्या हातात एकच मोठं वल्हं, ते स्वीप. दुसऱ्यात दोन्ही हातात एकेक, ते स्कलिंग. सिंगल स्कल्स म्हणजे बोटीत एकटा माणूस आणि दोन वल्ही. आपल्याकडे दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला खेळला तो हाच प्रकार, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा पोरगा, आर्मीत जाऊन वल्हं हातात घेतलं आणि थेट ऑलिम्पिकात तेरावा आला. पुण्यात सीओईपीची रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती, ज्यांनी काठावर बसून बघितलीये त्यांनाही या लांबुडक्या बोटी ओळखीच्या असतील. सिंगलची बोट साधारण आठ मीटर लांब, वजन कमीत कमी १४ किलो, म्हणजे भरलेल्या सिलिंडरच्या निम्म्याहूनही कमी, आणि रुंदीला इतकी चिंचोळी की वल्ही हातातून सोडली तर बोट कलंडलीच समजा. सीट रुळावर पुढे-मागे सरकते, पाय समोर फळीला लावलेल्या बुटांत अडकवलेले असतात, आणि सगळा जोर तिथून येतो. लोकांना वाटतं हा हातांचा खेळ आहे. हातांचा नाहीच, हा मुख्यतः पायांचा खेळ आहे. गुडघे छातीशी, घोटे पूर्ण दुमडलेले, तिथून पायाने फळी ढकलायची, मग पाठ, आणि हात सगळ्यात शेवटी.

आणि दुसरी गंमत म्हणजे वल्हवणारा पाठमोरा बसतो. बोट जिकडे चाललीय तिकडे त्याची पाठ. पुढे काय आहे ते बघायचं तर मान वळवूनच बघावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅनडात या खेळाचा नाद जुना आहे, म्हणजे आइस हॉकीचे स्टार जन्माला यायच्याही आधी तिथे रोइंगचा एक स्टार होता. टोरोंटोचा नेड हॅनलन. १८८० साली त्याने लंडनला थेम्सवर ऑस्ट्रेलियाच्या ट्रिकेटला हरवून प्रोफेशनल स्कलिंगचं जागतिक विजेतेपद घेतलं, सरकणारी सीट नीट कशी वापरायची हे त्याने जगाला दाखवून दिलं, आणि शर्यतीत इतका पुढे असायचा की मधेच थांबून प्रेक्षकांसाठी माकडचाळे करायचा म्हणतात. तर सिंगल स्कल्स हा त्यांच्यासाठी परका प्रकार नव्हता. ओंटारिओत सेंट कॅथरिन्सला दर उन्हाळ्यात भरणारी रॉयल कॅनेडियन हेन्ली रेगाटा पण एकोणिसाव्या शतकापासूनची.

पण हे सगळं पुरुषांचं. ऑलिम्पिकात पुरुषांचं रोइंग १९०० पासून आहे (१८९६ ला अथेन्समध्ये ठेवलं होतं, हवा खराब म्हणून रद्द झालं), आणि बायकांना पहिल्यांदा बोटीत बसू दिलं १९७६ ला. ७६ वर्षांनी! ते पण माँट्रियलमध्येच, म्हणजे कॅनडाच्याच घरी. आणि अंतर दिलं १००० मीटर, पुरुषांचं २०००. कारण तेच नेहमीचं, बायकांना झेपणार नाही. माँट्रियलला कॅनडाच्या बायकांना रोइंगमध्ये एकही मेडल मिळालं नाही, पूर्व जर्मनीने जवळपास सगळं धुवून नेलं. १९८० ला मॉस्को, तर कॅनडाने बॉयकॉट केला. म्हणजे माँट्रियल बघून ज्या पोरी या खेळात आल्या त्यांची चार वर्षं तशीच पाण्यात गेली, आणि पुढची संधी आली ती थेट १९८४ ला लॉस एंजेलिसला.

सिल्कन त्या वेळी १९ वर्षांची. जन्म १४ नोव्हेंबर १९६४, गाव मिसिसागा, टोरोंटोला अगदी खेटून. आईवडील जर्मनीतून आलेले. लहानपणी हिने माँट्रियलला नादिया कोमानेचीचे दहापैकी दहा बघितले आणि मग जिम्नॅस्ट व्हायचं डोक्यात घेतलं, पण ही उंच वाढत गेली आणि उंच पोरीला जिम्नॅस्टिक्समध्ये कोण विचारतो. मग पळायला लागली. ते दुखापतींनी बारगळलं. थोरली बहीण डॅनिएल रोइंग करायची, तिने हिलाही ओढलं. आता बघा, काही खेळात सात-आठ वर्षांचं असताना सुरू केलं नाही तर संपलं, पण रोइंग तसं नाही. इथे मोठं झाल्यावर येऊनही माणूस वर जातो, उंची, लांब हात, मजबूत पाय आणि दम असेल तर. ही तर धावपटू, दम होताच.

दोघी बहिणी डबल स्कल्समध्ये लॉस एंजेलिसला उतरल्या आणि ब्राँझ घेऊन आल्या. ऐकायला भारी वाटतं आणि होतंही भारी, दोन सख्ख्या बहिणी एका बोटीत. पण एक गोष्ट लोक सोडून देतात की त्या वर्षी सोव्हिएत गटाने बॉयकॉट केला होता, पूर्व जर्मनी नव्हती, सोव्हिएत नव्हते. पूर्व युरोपातून आला तो रोमानिया, आणि त्यांनी बायकांच्या सहापैकी पाच शर्यती मारल्या, आठजणींची तेवढी अमेरिकेला गेली. लॉमन बहिणींच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या नेदरलँड्सच्या दोघी पण सख्ख्या बहिणीच, हेलेमन्स. आणि पहिल्या आलेल्या रोमानियाच्या जोडीत एक १९ वर्षांची पोरगी होती, एलिझाबेटा ओलेनिउक. लग्नानंतर तिचं आडनाव झालं लिपा. हे नाव पण जरा लक्षात ठेवा.

८४ नंतर लगेच एक बदल झाला ज्याच्याबद्दल फार कुणी बोलत नाही पण माझ्या मते सिल्कनचं पुढचं सगळं करिअर त्यावर उभं आहे. १९८५ पासून बायकांचं अंतर २००० मीटर केलं, पुरुषांइतकंच. हजार मीटर म्हणजे साडेतीन मिनिटांचा खेळ, दात-ओठ खाऊन पळत सुटायचं, ताकदवान असेल तो जिंकला. दोन हजारात सिंगलला सात-साडेसात मिनिटं लागतात, तिथे सुरुवातीला जोर करून भागत नाही, मधल्या हजारात पाय पेटलेले असताना डोकं थंड ठेवावं लागतं. ज्यांनी हजारचं शिकून मेडलं मारली होती त्यांना परत अ आ इ पासून. सिल्कनला ते जमायला वेळ लागला, मधे पाठीने पण त्रास दिला. १९८७ च्या पॅन अमेरिकन गेम्सला तिने सिंगलचं गोल्ड मारलं खरं, पण पॅन अ‍ॅम म्हणजे तिथे युरोप नसतो, आणि रोइंगची खरी मारामारी युरोपात.

१९८८ सोल. या वेळी डबल स्कल्समध्ये जोडीला केय वर्दिंग्टन. सगळे देश आलेले, पूर्व जर्मनीसकट. नंबर आला सातवा, म्हणजे सहाच्या फायनलमध्येसुद्धा नाही. आणि एकट्या या जोडीचंच असं नाही, त्या ऑलिम्पिकला कॅनडाच्या अख्ख्या रोइंग टीमला एक मेडल मिळालं नाही. वर त्याच सोलमध्ये कॅनडाच्या धावपटू बेन जॉन्सनचं डोपिंगचं प्रकरण झालं, १०० मीटरचं गोल्ड तीन दिवसांत परत गेलं, देशाची जगभर छी थू, मग न्यायाधीश दुबिन साहेबांची डोपिंगवर चौकशी बसली, ती पुढे महिनोन् महिने टीव्हीवर. कॅनडाच्या खेळाला ते अगदी लागलं होतं. हे पण पुढे लागणारे.

या वळणावर बरेच लोक खेळ सोडतात. मेडल एक आहेच, वय चोवीस, शिक्षण-नोकरी बघायची. हिने जे केलं ते मला त्या दहा आठवड्यांपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं खरं तर. डबल सोडून सिंगल धरलं आणि गेली व्हिक्टोरियाला, ब्रिटिश कोलंबियात, पार पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. तिथे एल्क लेकवर माइक स्प्रॅकलन नावाचा इंग्लिश कोच कॅनडाच्या पुरुष टीमला तयार करत होता. हा तोच, ज्याच्या हाताखाली ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हने १९८४ आणि १९८८ ला गोल्ड घेतलं. बायकांची टीम त्याच्याकडे नव्हतीच. ही त्याच्याकडे गेली आणि पुरुषांच्या बरोबरीने ट्रेनिंग करायला लागली.

स्प्रॅकलनची पद्धत म्हणजे किलोमीटर. रोज, सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो थंडी असो (व्हिक्टोरियात हिवाळ्यात पाणी गोठत नाही, म्हणून तर ते ठिकाण, बाकी कॅनडात हिवाळ्यात तळ्यावर बोट नाही, बर्फाचे स्केट चालतात). आणि बोटी एकमेकींना लावून पळवायच्या, प्रॅक्टिसमध्येसुद्धा सतत शर्यत. आता पुरुषांच्या बोटी वेगाने पुढे जाणारच, म्हणजे ही रोज हरणार. रोज हरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच रांगेत बोट लावायची, असं दोन वर्षं. ज्यांना कुणाला आपल्यापेक्षा वरच्या लेव्हलच्या पोरांबरोबर नेटमध्ये खेळायला लागलंय त्यांना कळेल यात डोक्याची काय हालत होते, आणि नंतर आपल्याच लेव्हलच्या मॅचमध्ये गेलं की बॉल किती हळू वाटतो.

तसंच झालं. १९९० च्या वर्ल्ड चँपियनशिपला टास्मानियात सिंगलमध्ये सिल्व्हर, पुढे फक्त जर्मन बिर्गिट पेटर. १९९१ ला व्हिएन्नात गोल्ड, वर्ल्ड चँपियन, त्याच सीझनचा वर्ल्ड कपही हिचाच. कॅनडात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला तेव्हा जी लू मार्श ट्रॉफी द्यायचे (२०२२ ला तिचं नाव बदललं) ती ९१ ला हिला दिली. आइस हॉकीच्या देशात रोइंग करणाऱ्या बाईला, म्हणजे विचार करा. व्हिएन्नात अजून एक झालं, कॅनडाच्या बायकांच्या टीमने, जी कोच अ‍ल मॉरोकडे होती, तिथे तीन गोल्ड काढली, पेअर, फोर आणि एट, म्हणजे दोघींची, चौघींची आणि आठजणींची बोट. सोलला शून्यावर आलेला देश तीन वर्षांत थेट वर. तर १९९२ ची बार्सिलोना सुरू व्हायच्या आधी चित्र असं होतं की सिंगलचं गोल्ड सिल्कनचं, बाकीच्यांनी सिल्व्हरसाठी बघा.

१६ मे १९९२. जर्मनीत एस्सेन, बाल्डेनाय तलावावरची रेगाटा. ऑलिम्पिकच्या आधी युरोपात अशा रेगाटा असतात, सगळे हात गरम करायला येतात. शर्यतीच्या आधी सिल्कन वॉर्मअप करत होती. त्याच पाण्यात जर्मनीची पुरुष जोडी, कॉलिन फॉन एटिंग्सहाउझेन आणि पेटर होल्ट्सेनबाइन, कॉक्सलेस पेअरवाले. कॉक्सलेस म्हणजे दिशा बघायला पुढे तोंड करून बसणारा कॉक्स त्या बोटीत नसतो. आता वर सांगितलेलं आठवा: हिची पाठ पुढे, त्या दोघांची पण पाठ पुढे. रोडवर दोन गाड्या रिव्हर्समध्ये फुल स्पीडने चालल्यासारखं. वॉर्मअपच्या पाण्यात कुणी कुठल्या बाजूने जायचं याचे नियम असतात ते याचसाठी. दोन तगड्या गड्यांची बोट, तिचं निमुळतं टोक, ते येऊन थेट हिच्या बोटीत घुसलं, जिथे हिचा उजवा पाय होता तिथे.

लाकडाच्या चिपा पायात घुसल्या. हाड मोडलं, स्नायू आणि नसा तुटल्या. तिने खाली बघितलं तर पोटरीकडचं मांस सुटून घोट्याकडे लोंबत होतं आणि आत हाड दिसत होतं. पुढे कितीतरी मुलाखतींत तिने हे सांगितलंय, त्यामुळे वाढवून-चढवून लिहीत नाहीये. पाच ऑपरेशनं झाली. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की या वर्षी सोडाच, परत बोटीत बसणंच कठीण आहे.

आता कुठला पाय आणि कुठली जागा ते बघा. हात मोडला असता तर वेगळं. घोटा आणि पोटरी, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला जिथे पूर्ण दुमडून सगळा जोर घ्यायचा नेमकी तीच जागा. दोन हजार मीटरला साधारण सव्वादोनशे-अडीचशे स्ट्रोक होतात, म्हणजे तितक्या वेळा त्याच जखमेवर अख्ख्या अंगाचा भार. ऑलिम्पिकचं रोइंग सुरू व्हायला दहा आठवडे आणि थोडे दिवस उरले होते. जूनच्या शेवटाला ती परत बोटीत होती. नीट चालता येत नव्हतं, काठी टेकत पाण्यापर्यंत यायचं, लोक बोटीत बसवायचे, पण एकदा बोटीत बसली की वल्हवता यायचं. हे ऐकायला उलटं वाटतं पण त्यात लॉजिक आहे, चालताना अख्खं वजन एका पायावर येतं, तोल सांभाळावा लागतो, आणि बोटीत ढुंगण सीटवर असतं, पाय बांधलेला असतो, तो एका सरळ रेषेत पुढे-मागे जातो, बास. मग फक्त दुखणं उरतं. आणि आधीची दोन वर्षं एल्क लेकवर जे किलोमीटर खाल्ले होते ते पाच-सहा आठवड्यांत कुठे जात नाहीत, फुप्फुसं तीच, पाठ तीच, टेक्निक तेच. मी वर म्हटलं ना चमत्कार नाही म्हणून, ते यासाठी. दुसऱ्या कुणाला हीच जखम झाली असती आणि तितकीच जिद्द असती तरी ती पहिल्या फेरीत बाहेर गेली असती. हिच्याकडे खर्च करायला शिल्लक होती.

बार्सिलोनाची रोइंग बार्सिलोनात नव्हती, बान्योलेस नावाच्या गावच्या तळ्यावर होती, शहरापासून शंभरेक किलोमीटर वर. २ ऑगस्ट, फायनल. सहा बोटी. एकीत रोमानियाची लिपा, हो तीच ८४ वाली, आता २७ वर्षांची. एकीत बेल्जियमची अ‍ॅनलीस ब्रेडाल. एकीत अमेरिकेची अ‍ॅन मार्डन, जिने सोलला याच प्रकारात सिल्व्हर घेतलं होतं. आणि उजव्या पायाला पट्ट्या बांधलेली सिल्कन.

लिपा पुढे निघाली आणि पुढेच राहिली, तिच्याबद्दल वाद नव्हता. मजा होती तिसऱ्या जागेला. शेवटच्या हजारात मार्डनने सिल्कनला मागे टाकलं. इथे कुणीही म्हटलं असतं की झालं, एवढं केलं हेच खूप, चौथी आली तरी देश डोक्यावर घेईल. आणि घेतलाच असता. पण तिने परत गिअर टाकला आणि शेवटच्या पट्ट्यात मार्डनला गाठून पुढे काढली. लिपा ७ मिनिटं २५.५४, ब्रेडाल ७:२६.६४, सिल्कन ७:२८.८५, मार्डन ७:२९.८४. म्हणजे चौथीपासून एका सेकंदाहून जरा कमी, आणि गोल्डपासून सव्वातीन सेकंद. ते दहा आठवडे धड ट्रेनिंग मिळालं असतं तर ते सव्वातीन सेकंद भरून निघाले असते का? माझं मत हो. पण लिपा पण काही उगाच नव्हती हां. या बाईने १९८४ ते २००४ अशा सहा ऑलिम्पिकला आठ मेडल घेतली, त्यात पाच गोल्ड. तेव्हा 'पाय धड असता तर आरामात गोल्ड' असं जे कॅनडावाले छाती ठोकून सांगतात त्यांना हे एकदा दाखवावं.

एक तिरकस योगायोग म्हणजे ज्या दोन जर्मनांची बोट आदळली होती त्यांनी त्याच बान्योलेसला कॉक्सलेस पेअरमध्ये सिल्व्हर घेतलं, रेडग्रेव्ह-पिन्सेंटच्या मागे. आणि केय वर्दिंग्टन, जी सोलला सिल्कनबरोबर सातवी आली होती, तिने फोर आणि एट मिळून दोन गोल्ड नेली. कॅनडाची एकूण चार गोल्ड आली रोइंगमध्ये, तीन बायकांची, एक पुरुषांच्या एटचं (तेच स्प्रॅकलनचे गडी, रोमानियाला ०.१४ सेकंदाने हरवून). पण समारोपाला झेंडा कुणाच्या हातात दिला, तर ब्राँझवाल्या सिल्कनच्या. यावर तेव्हा आणि नंतरही थोडी कुरकुर झालीच असणार मनातल्या मनात, मार्नी मॅकबीन आणि कॅथलीन हेडल सारख्यांनी दोन-दोन गोल्ड घेतली आणि पेपरात फोटो ब्राँझचा. पण बेन जॉन्सननंतर चार वर्षांनी त्या देशाला नेमकी अशी गोष्ट हवी होती ज्यात मान खाली घालावी लागत नाही.

आता नंतरचं. ९२ नंतर ती थोडी थांबली आणि ९४ ला परत आली. इंडियानापोलिसच्या वर्ल्ड चँपियनशिपला दोनदा फॉल्स स्टार्ट केला आणि डिस्क्वालिफाय. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईने दोनदा आधी निघणं म्हणजे काय ते समजून घ्या, घाई झाली होती.

आणि ९५ चा मार्च. अर्जेंटिनात मार दे प्लाता, पॅन अमेरिकन गेम्स. क्वाड स्कल्समध्ये सिल्कन, मार्नी मॅकबीन, वेंडी वीब आणि डायान ओग्रेडी, गोल्ड. मग डोप टेस्टचा रिझल्ट आला, सिल्कन पॉझिटिव्ह, स्यूडोएफेड्रिन. झालं होतं असं की हिला सर्दी झाली होती, औषध काय घेऊ विचारलं तर बेनाड्रिल चालेल म्हणून कळलं. आता बेनाड्रिल म्हटलं की आपल्याला खोकल्याची ती बाटली आठवते, पण एकाच नावाखाली पाच-सात प्रकारची औषधं विकली जातात आणि प्रत्येकात आतला माल वेगळा. साध्यात नव्हतं ते बंदीतलं, तिने घेतलेल्यात नाक मोकळं करायला स्यूडोएफेड्रिन घातलेलं होतं. बॉक्सवर छापलेलंच असणार. वाचलं नाही किंवा वाचून डोक्यात शिरलं नाही.

चौघींचं गोल्ड गेलं. हे मला त्या पायाच्या जखमेपेक्षा वाईट वाटतं, कारण पाय तिचा एकटीचा होता आणि हे बाकी तिघींच्या गळ्यातून काढून घेतलं. तिच्यावर लांबलचक बंदी आली नाही, मुद्दाम घेतलं नाही हे सगळ्यांनी मानलं. पण कॅनडात 'डोपिंग' हा शब्द कानावर पडला की सोल आठवतंच, आणि तीन वर्षांपूर्वी जिच्या हातात झेंडा दिला तीच, त्यामुळे हेडलाइनी काय आल्या असतील ते सांगायला नको. गंमत बघा, २००४ ला वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतूनच काढून टाकलं. मग २०१० ला परत घातलं, पण मर्यादा ठरवून, म्हणजे लघवीत अमुक इतक्यापेक्षा जास्त सापडलं तरच. सर्दीच्या गोळीचा प्रश्न त्यांनाही धड सुटलेला नाही.

त्याच वर्षी वर्ल्डला, फिनलंडमध्ये टाम्पेरेला, तिने सिंगलमध्ये सिल्व्हर घेतलं, पुढे स्वीडनची मारिया ब्रांडिन. आणि मग अटलांटा १९९६. रोइंग लेक लॅनियरवर. वय ३१. लिपा आता सिंगलमध्ये नव्हती, तिने आठजणींची बोट धरली होती. वाटलं होतं या खेपेला रस्ता मोकळा आहे, तर बेलारूसहून आली एकातेरिना खोदोतोविच, जी पुढे कार्स्टेन नावाने कित्येक वर्षं सगळ्यांना त्रास देत राहिली. खोदोतोविच ७:३२.२१, सिल्कन ७:३५.१५, तिसरी डेन्मार्कची ट्रीने हान्सन. सिल्व्हर. खरं बघायला गेलं तर ऑलिम्पिकमधला तिचा सगळ्यात वरचा नंबर हाच, दुसरा. पण कॅनडात कुणालाही विचारा सिल्कन लॉमनने काय जिंकलं, शंभरातले नव्वद ब्राँझच सांगतील.

१९९८ ला कॅनडाच्या स्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, १९९९ ला तिने रीतसर रिटायरमेंट जाहीर केली. त्यानंतर व्याख्यानं, लहान मुलांनी मैदानात खेळावं म्हणून काम, आणि २०१४ ला आत्मचरित्र आलं त्यात घरातलं अवघड लहानपण, खाण्याचे आजार, नैराश्य, हे सगळं तिने स्वतःच मांडलं. बान्योलेसला जी बाई लोखंडाची वाटली होती तिच्या आत त्या वेळी काय चाललं होतं हे तिच्या देशाला बावीस वर्षांनी कळलं. आता ती जास्त करून मानसिक आरोग्यावरच बोलते.

बायकांच्या रोइंगमध्ये कॅनडाचं त्यानंतर थांबलं असंही नाही. टोकियोला त्यांच्या आठजणींनी गोल्ड घेतलं, १९९२ नंतर पहिल्यांदा, पॅरिसला त्याच प्रकारात सिल्व्हर. पण सिंगल स्कल्सचं खातं वेगळंच आहे. १९७६ पासून पॅरिसपर्यंत बायकांच्या सिंगलमध्ये कॅनडाला दोनच मेडल आहेत, एक ब्राँझ आणि एक सिल्व्हर, आणि दोन्हींवर नाव एकच. गोल्ड अजून आलेलं नाही.